बागेत पगारी राखणदार हवा, आणि त्याचा पगार पालिकेनेच द्यायला हवा

तळ्याकाठी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घराजवळच्या बागेत मी रोज संध्याकाळी चालायला जाते. काही महिन्यांपूर्वी तिथे एक आजोबा चालता चालता एकदम खाली बसले, बसले कसले, कोसळलेच. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरेफटक. आम्ही चारपाच जण धावलो, कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती बिचारी लवकर आलीसुद्धा, आणि मागच्या मोठ्या गेटशी येऊन थांबली, कारण गाडी आत येईल असं तेवढं एकच गेट आहे. त्याला कुलूप! किल्ली कोणाकडे, कोणालाच माहीत नाही. पाटीवरचा नंबर लावला तर तो बंद. पुढच्या बाजूला फिरतं गेट, त्यातून स्ट्रेचर जाईना, मग दोघांनी हातांची खुर्ची करून आजोबांना बाहेर नेलं. ते वाचले, आता बरे आहेत. पण त्या कुलपासमोर गेलेली दहाबारा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

दोन वर्षांपूर्वी हे झालं असतं तर किल्ली मिळाली असती, कारण तेव्हा माणूस होता. गेटजवळच्या खोलीत एक काका असायचे, कमरेला जुडगा, हातात वही. त्यांचं कंत्राट संपलं ते पुन्हा निघालंच नाही. आणि त्याच वर्षी बागेत नवीन कमान झाली, आठ कॅमेरे लागले, उद्घाटन वगैरे सगळं.

म्हणजे पैसे नव्हते असं नाहीच. मी बजेटची पुस्तिका घेऊन बसले तेव्हा मला हे कळलं. कमान, कॅमेरे, कारंजं हा भांडवली खर्च, एकदा करायचा आणि कोनशिला लावायची. माणसाचा पगार हा महसुली खर्च, तो दरवर्षी करावा लागतो, त्याची कोनशिला नसते, म्हणून कात्री लागते ती त्यालाच आधी. माझी मागणी एवढीच आहे की बागेच्या सुरक्षेसाठी पगारी माणसं पालिकेच्या नेहमीच्या बजेटमधून, दरवर्षी, आणि बजेटमध्ये त्यांची स्वतंत्र ओळ हवी. देणगीतून नको, प्रायोजकाच्या मर्जीवर नको, 'यंदा जमलं तर बघू' तर नकोच नको.

हे काही नवीन खूळ नाही हो. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क १८४७ साली लोकांसाठी उघडलं ते सार्वजनिक पैशातून. ते बघून भारावलेल्या ओल्मस्टेड या अमेरिकी माणसाने पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी केली, वास्तुरचनाकार व्हॉक्स यांच्या जोडीने, आणि बाग पुरती तयार व्हायच्या आतच तिथे राखणदारांचं पथक उभं केलं. नुसतं दटावायला नाही, लोकांना बाग कशी वापरायची ते दाखवायला. म्हणजे बाग म्हटली की झाडं, वाटा आणि माणूस हे तिन्ही सुरुवातीपासून एकत्रच होतं, त्यातलं तिसरं आपण मधेच काढून टाकलं.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि पालिकेकडे लेखी मागणी करायची तर त्यात काय काय असावं?

साधामाणूस

ताई, प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण थोडं वेगळं मत मांडतो. दवाखान्यात बेड कमी, शाळेच्या छताला गळती, तिथे पैसे पुरत नाहीत आणि आपण बागेत वॉचमन मागायचा? बाग ही सोय आहे, गरज नाही. एका कुलपाच्या किल्लीसाठी तीन शिफ्टचे पगार हे मला पटत नाही, किल्लीची डुप्लिकेट शेजारच्या सोसायटीत ठेवा की.

निवांतआजी

साधामाणूस, तुम्ही तरुण असाल म्हणून तुम्हाला बाग सोय वाटते. माझं वय ७४. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. रस्त्यावर फूटपाथ धड नाही, घरात जिने, मग मी चालायचं कुठे? बाग हाच माझा दवाखाना आहे. आणि आता मी तिथे सहानंतर जात नाही, कारण मधल्या वळणावरचा दिवा गेलाय आणि तो गेलाय हे सांगायचं कोणाला तेच कळत नाही. पूर्वी गेटवरच्या माणसाला सांगितलं की तो वहीत लिहायचा आणि चार दिवसांनी 'आजी, लागला बघा' असं स्वतः येऊन सांगायचा.

पायवाट

साधामाणूस, तुम्ही जे म्हणताय तेच ब्रिटनमध्ये झालं आणि त्याचे परिणाम तिथल्या लोकांनी भोगलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथे प्रत्येक बऱ्यापैकी बागेला पार्क कीपर, म्हणजे त्या बागेचा राखणदार, असायचा. १९८० च्या दशकात स्थानिक संस्थांच्या कामांसाठी सक्तीने टेंडर काढायची पद्धत आली, १९८८ च्या कायद्याने बागांची देखभालसुद्धा त्यात ओढली गेली. मग काय, सगळं काम 'किती चौरस मीटर गवत कापलं' यावर मोजायला लागले. गवत कापणारी टोळी गाडीतून यायची, कापायची, पुढच्या बागेत जायची. एकाच बागेत दिवसभर असणारा माणूस कुठल्याच टेंडरच्या रकान्यात बसेना म्हणून तो गेला. नंतर २००५ मध्ये केब स्पेस या तिथल्या सरकारी सल्लागार संस्थेला मोहीम काढून सांगावं लागलं की प्रत्येक महत्त्वाच्या बागेत उजेड असेपर्यंत तिथलाच असा माणूस हजर हवा.

आणि तिथे बागा सांभाळणं हे पालिकांवर कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे पैसे आटले की पहिला घाव बागेवर. २०१६ च्या पाहणीत ९२ टक्के उद्यान व्यवस्थापकांनी सांगितलं की मागच्या तीन वर्षांत त्यांच्या बजेटला कात्री लागली. 'बाग ही गरज नाही' हे वाक्य आपल्याला साधं वाटतं, पण पुढे तेच बजेटचं धोरण होऊन बसतं बघा.

रातराणी

कॅमेऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आमच्याकडे बागेत एकावर एक कॅमेरे लावलेत. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, गेल्या वर्षीपर्यंत रोज सायकल घेऊन जायची, आता जात नाही. कोणी काही केलं का विचारलं तर म्हणते केलं नाही काही, पण झोपाळ्यांजवळ मोठी मुलं बसलेली असतात आणि ती काहीतरी बोलतात आणि हसतात. आता सांगा यात कॅमेरा काय करणार? गुन्हा झालेलाच नाही, फुटेज कोणी बघणार नाही, आणि माझी पोर मात्र घरी बसली. तिथे एखादी पगारी बाई नुसती फिरत असती ना, काही न बोलता, तरी ती गेली असती खेळायला. हे मला खात्रीने माहितीय कारण सुट्टीत बागेत शिबिर होतं तेव्हा शिबिराच्या ताई दिवसभर असायच्या आणि ही सकाळपासून तिथेच.

पायवाट

रातराणी, तुम्ही लिहिलंय ते व्हिएन्नात अभ्यासातून समोर आलंय. १९९० च्या दशकात तिथे लक्षात आलं की साधारण नऊ वर्षं ओलांडली की मुली बागेतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. बागेतल्या मोकळ्या जागेवर मुलग्यांचा ताबा, आणि मुली भांडायला जात नाहीत, घरी जातात. मग १९९९ मध्ये दोन बागा मुलींचा विचार करून नव्याने आखल्या, आइनसिडलर पार्क आणि सांक्ट योहान पार्क. जास्त वाटा केल्या, दिव्यांकडे लक्ष दिलं, बॅडमिंटन व्हॉलीबॉलला जागा दिली, आणि मुली परत आल्या. शिवाय तिथे बागांमध्ये मुलांसोबत काम करणारे पगारी कार्यकर्ते असतात, त्यांना सार्वजनिक निधी मिळतो. खेळ घेतात, भांडणं सोडवतात. मला वाटतं सुरक्षा कर्मचारी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काठी येते, तिथे बॉल येत असेल.

स्वच्छंद

धाग्याच्या विरोधात लिहितोय, राग नसावा. मी कॉलेजमध्ये होतो तेव्हा बागेतल्या गार्डने मला आणि माझ्या मैत्रिणीला बाकावरून उठवलं होतं. नुसते बसलो होतो, पुस्तकं होती मांडीवर. मोठमोठ्याने बोलला, लोक बघायला लागले, ती रडली. कुठला नियम मोडला ते आजपर्यंत कळलं नाही. दुपारी सावलीत आडवा झालेला मजूर असो, बॉल खेळणारी वस्तीतली पोरं असोत, गार्ड नेमका त्यांनाच हाकलतो, चांगले कपडे घातलेल्या माणसाला कधी काही म्हणत नाही. मग सार्वजनिक पैशातून हे अजून वाढवायचं? तुम्हाला सुरक्षित वाटेल, पण त्यांचं काय ज्यांच्यासाठी बागेइतकी दुसरी फुकट जागा नाही?

तळ्याकाठी

स्वच्छंद, राग अजिबात नाही, उलट बरं झालं लिहिलंत. खरं सांगायचं तर हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मी 'सुरक्षा' म्हणताना माझ्यासारख्यांचीच सुरक्षा धरून चालले होते.

पण यावर उपाय माणूसच नको हा नसावा, असं मला अजूनही वाटतं. तो गार्ड कोणाला उत्तरदायी होता? कंत्राटदाराला. त्याच्या कामाचं वर्णन कुठे लिहिलेलं होतं का? बागेचे नियम पाटीवर होते का? पगार सार्वजनिक पैशातून असला की निदान विचारता तरी येतं, की याला कशासाठी ठेवलंय, याने काय करायचं आणि काय करायचं नाही. मागणीपत्रात मी हे घालणारच आहे, की बागेत बसणं, झोपणं, खेळणं हा गुन्हा नाही आणि कोणालाही उठवायचा अधिकार लेखी नियमाशिवाय नाही.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून जरा हिशेब मांडू, कारण पालिकेत पहिला प्रश्न तोच येतो.

समजा बाग पहाटे ५ ते रात्री ९ उघडी. १६ तास गुणिले ७, म्हणजे आठवड्याचे ११२ तास. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. ११२ भागिले ४८, झाले २.३३. त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की तीन. म्हणजे बागेत कायम *एक* माणूस दिसायला पगारावर *तीन* लागतात. हे लोकांच्या लक्षात येत नाही, 'एक वॉचमन ठेवा' म्हणतात, मग एकालाच बारा बारा तास उभं करतात आणि तो झोपला की त्यालाच ओरडतात. चोवीस तास हवा असेल तर १६८ भागिले ४८, साडेतीन, रजा धरून चारच्या वर.

लहान बागांना प्रत्येकी तीन परवडणार नाहीत हे मान्य. तिथे चालत जाता येईल अशा तीनचार बागांना मिळून एक टीम, पण वेळा ठरलेल्या आणि पाटीवर लिहिलेल्या, 'संध्याकाळी ५ ते ८ इथे अमुक पदावरचा कर्मचारी असतो' अशा. लोक मग त्या वेळेला येतात आणि लोक आले की बाग आपोआप भरलेली राहते.

पैसे किती मागायचे? न्यूयॉर्कमध्ये शहराच्या जमिनीपैकी साधारण १४ टक्के जागा उद्यान खात्याकडे आहे आणि शहराच्या बजेटमधला वाटा एक टक्क्याहूनही कमी. म्हणून तिथल्या लोकांची मागणी आहे की बागांना सरळ एक टक्का द्या. मला ही पद्धत आवडते, कारण टक्क्यात मागितलं की महागाईबरोबर आकडा आपोआप सरकतो, दरवर्षी नव्याने हात पसरायला नको.

साधामाणूस

हिशेब समजला. थोडं मत बदललं म्हणा हवं तर, निवांतआजींचं वाचून. पण मग खाजगी कंपन्यांना का देत नाही? ब्रायंट पार्कचं उदाहरण सगळे देतात, न्यूयॉर्कचंच. नशाबाजांचा अड्डा होता, खाजगी व्यवस्थापनाने १९९२ मध्ये नवीन करून उघडला आणि आता बसायला खुर्ची शोधावी लागते म्हणतात.

आकडेमोड

ब्रायंट पार्क उत्तम झाला, वादच नाही. पण तो कुठे आहे बघा, मॅनहॅटनच्या मधोमध, चारी बाजूंनी महागड्या ऑफिसच्या इमारती. त्या मालमत्तांकडून ठरलेली आकारणी शहर वसूल करतं आणि बागेच्या संस्थेला देतं. म्हणजे तिथेही स्वखुशीच्या देणगीवर भिस्त नाही, सक्तीची वसुली आहेच. आता हेच गरीब वस्तीतल्या बागेला लावा. आजूबाजूला देणार कोण? श्रीमंत भागातल्या बागेत खुर्च्या, फुलं, गार्ड, आणि जिथे घरं दहा बाय दहाची आणि बागेची गरज सगळ्यात जास्त तिथे कुलूप. सार्वजनिक पैसा हवा तो याचसाठी.

मोकळंमैदान

एक वेगळं उदाहरण, बागेचं नाही पण जवळचंच आहे. नेदरलँडमध्ये ट्राम मेट्रोतून कंडक्टर काढले, मग फुकट प्रवास, तोडफोड, लोकांना रात्री भीती हे सगळं वाढलं. १९८४ पासून ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि हेगमध्ये मिळून साधारण १,२०० माणसं सरकारी पैशाने नेमली, बरेचसे बेकार तरुण, त्यात मुली पण. काम काय, तर सुरक्षा, माहिती आणि तपासणी. हत्यार नाही. फुकटे प्रवासी कमी झाले. सगळा खर्च तिकिटातून निघाला नाही, तरी त्यांनी ते चालवलं. मला यातला 'माहिती' हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाला तुम्ही रस्ता विचारू शकता त्याच्याकडे तुम्ही तक्रार घेऊन पण जाता.

आणि दिवे, साफसफाई हे पण सोबत हवंच. न्यूयॉर्कमध्येच २०१६ मध्ये सरकारी वसाहतींच्या आवारात जादा दिवे लावून बघितले तर रात्री घराबाहेरचे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी उतरले. फिलाडेल्फियात पडीक प्लॉट साफ करून गवत लावलं, साधं लाकडी कुंपण घातलं, आणि गरीब वस्त्यांमध्ये गोळीबार २९ टक्क्यांनी कमी. हे सगळं कोणीतरी रोज बघणारं असेल तरच टिकतं, नाहीतर दिवा फुटतो आणि फुटलेलाच राहतो.

शिट्टी

मी या साइटवर नुसता वाचतो, पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर माफ करा. मी सहा वर्षं एका बागेत ड्युटी केली आहे. कंत्राटी. आता दुसरीकडे आहे.

लोकांना वाटतं गार्ड खुर्चीत बसून असतो. माझा पहिला राउंड गेट उघडायच्या आधी असायचा. वाळूत हात फिरवायचा, रात्रीच्या बाटल्यांच्या काचा असतात, लहान मुलं अनवाणी खेळतात. मग झोपाळे. झोपाळ्याची साखळी वर जिथे अडकवतात तिथला हूक आतल्या बाजूने झिजतो, खालून बघून कळत नाही, स्टूल घेऊन वर चढून बोट फिरवावं लागतं. एकदा अर्ध्याहून जास्त झिजलेला सापडला, मी तो झोपाळा दोरीने वर बांधून ठेवला आणि रिपोर्ट केला. तीन आठवडे कोणी आलं नाही. लोक मला ओरडायचे, मुलांचा झोपाळा का बांधला. मी सोडला नाही.

शिट्टी दिलेली होती, पण महिना महिना वाजवायला लागायची नाही. पोरांची नावं माहीत असली की नावाने हाक मारली तरी पुरतं. एक मुलगा झाडाच्या फांद्या मोडायचा, त्याला मी पाण्याचा पाइप धरायला लावला, नंतर तोच दुसऱ्यांना ओरडायचा. स्वच्छंद साहेब म्हणतात ते पण खरं आहे. आम्हाला सांगितलं जायचं की अमक्यांना बसू देऊ नका, तमक्यांना झोपू देऊ नका, तोंडी. कागदावर काही नाही. ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी ड्युटी नाही. मी पण लोकांना उठवलंय, त्याचं वाईट वाटतं.

कंत्राटदार बदलला आणि आम्हा सगळ्यांना एका दिवसात काढलं. नवीन माणसाला किल्ल्या दाखवायला पण बोलावलं नाही. कुठली किल्ली कुठल्या गेटची ते माझ्या डोक्यात होतं, जुडग्यावर लिहिलेलं नव्हतं. पहिल्या पोस्टमधलं कुलूप वाचलं आणि मला झोप लागली नाही, म्हणून लिहिलं.

निवांतआजी

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. झोपाळा बांधून ठेवलात त्याबद्दल कोणी म्हटलं नसेल, मी म्हणते, आभारी आहे.

स्वच्छंद

शिट्टी दादा, तुमचं वाचलं. माझा राग त्या एका माणसावर होता इतकी वर्षं, त्याला तसं करायला कोणी सांगितलं असेल हा विचारच केला नव्हता. मागणीपत्राला माझी सही धरा, अट एकच, तोंडी हुकूम बंद.

तळ्याकाठी

सगळ्यांचं मिळून कच्चा मसुदा लिहिलाय, सुधारणा सुचवा. बजेटचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो तेव्हाच द्यायचा आहे, एकदा मंजूर झाल्यावर कितीही निवेदनं दिली तरी 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकायला मिळतं.

'बागांच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांसाठी महसुली खर्चात स्वतंत्र शीर्ष करावे व त्यातील रक्कम अन्य कामांकडे वळवू नये. प्रत्येक मोठ्या बागेत उघडी असेपर्यंत किमान एक कर्मचारी हजर असावा व त्यासाठी तीन पदे धरावीत. लहान बागांना सामाईक पथक व वेळांची पाटी. निम्म्या जागांवर महिला. कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. कामाचे स्वरूप व बागेचे नियम लेखी, प्रवेशद्वारावर लावलेले. त्याबाहेर कोणालाही हटकू नये. कंत्राटदार बदलला तरी त्या बागेतील कर्मचारी कायम राहावेत. सर्व किल्ल्यांवर गेटचे क्रमांक, एक संच अग्निशमन केंद्राकडे.'

शिट्टी दादा, काम करणाऱ्याच्या बाजूने काय राहिलं असेल तर तुम्हीच सांगा.

रातराणी

मसुदा छान झालाय ताई. आमच्या भागासाठी मी हाच वापरते, चालेल ना? बारा वर्षांच्या बाईसाहेबांनी स्वतःहून एक ओळ सांगितलीय, 'झोपाळ्यांजवळ बाक नको, लांब ठेवा'. तेवढी घाला.

शिट्टी

ताई, दोन गोष्टी राहिल्या. कर्मचाऱ्याला टॉयलेट आणि पाणी. बाईमाणूस ड्युटीला ठेवणार असाल तर टॉयलेटशिवाय कोणी टिकणार नाही.

आणि गेटजवळची खोली. आमच्या खोलीला एकच खिडकी होती, ती रस्त्याकडे. पाऊस आला की आत बसायचं आणि बागेकडे पाठ. दुसरी खिडकी पाडायला सांगा, झोपाळे दिसतील अशी.

तळ्याकाठी

घातलं. दोन्ही, आणि बाकाची ओळ पण.